अभिजात मोटारींचे लिलावमूल्य
लिलावात जुन्या मोटारीची किंमत मुख्यतः तिच्या अस्सलपणावर ठरते. चासी, इंजिन व गिअरबॉक्स यांचे क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी जुळणे, मूळ रंग व आसने टिकून असणे आणि मालकीचा अखंड, कागदोपत्री इतिहास उपलब्ध असणे या बाबी महत्त्वाच्या मानतात. ‘बुलिट’ (१९६८) चित्रपटातील, झिजल्या रंगासह जशीच्या तशी जपलेली फोर्ड मस्टँग २०२० मध्ये ३७.४ लाख डॉलरना विकली गेली. फेरफार केलेल्या मोटारीला सहसा कमी भाव मिळतो. कारण काढून टाकलेले मूळ भाग परत मिळणे दुरापास्त असते. मात्र फेरफार नामवंत कारागिराचा असल्यास ती स्वतंत्र कलाकृती ठरते. जॉर्ज बॅरिस यांनी लिंकन फ्युचुरा या प्रायोगिक मोटारीपासून घडविलेली, ‘बॅटमॅन’ या दूरचित्रवाणी मालिकेतील ‘बॅटमोबाइल’ २०१३ मध्ये ४६.२ लाख डॉलरना विकली गेली.