पेटंट मुदतवाढ (औषधे)

सरकारी मंजुरीची वाट पाहण्यात औषधाच्या पेटंटची जी वर्षे जातात, त्यांपैकी काही पेटंटधारकाला भरून देणारी कायदेशीर तरतूद. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे असते. नवा रेणू हाती लागताच अर्ज करावा लागतो, माणसांवरील चाचण्या मात्र पुढे अनेक वर्षे चालतात. औषध दुकानात पोहोचेपर्यंत निम्मी मुदतही सरलेली असू शकते.

अमेरिकेने 1984 च्या हॅच-वॅक्समन कायद्याने ही सोय केली. पेटंट मिळाल्यानंतरच्या चाचण्यांचा निम्मा काळ आणि मंजुरीचा अर्ज विचाराधीन असलेला पूर्ण काळ भरून मिळतो. कंपनीने स्वतः केलेली दिरंगाई वजा होते. वाढ कमाल 5 वर्षांची, आणि ती धरूनही मंजुरीनंतरची मुदत 14 वर्षांपलीकडे जात नाही.

वाढीसाठी मंजुरीपासून 60 दिवसांत अर्ज करावा लागतो. बायव्हॅलिरुडिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या मंजुरीचे पत्र 15 डिसेंबर 2000 रोजी, शुक्रवारी संध्याकाळी कचेरी बंद झाल्यावर फॅक्सने आले. तो दिवस मोजायचा की सोमवारपासून धरायचे? पेटंट कार्यालयाने तो मोजला आणि अर्ज उशिरा आल्याचे सांगून नाकारला. 2010 मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी कायदा बदलला: दुपारी साडेचारनंतर निघालेली मंजुरी कामकाजाच्या पुढच्या दिवसाची धरावी. कोट्यवधी डॉलरची विक्री एका तारखेवर टांगलेली असते, ती अशी.

1984 चा हा कायदा एकतर्फी नव्हता. पेटंट चालू असतानाच जेनेरिक कंपनीने मंजुरीसाठी चाचण्या घेणे हे उल्लंघनच, असा निर्णय त्याच वर्षी रोश विरुद्ध बोलार खटल्यात लागला होता. कायद्याने त्या चाचण्यांना मोकळीक दिली. युरोपात 1993 पासून पूरक संरक्षण प्रमाणपत्र मिळते. त्याचीही कमाल 5 वर्षेच, मुलांवरील अभ्यास केल्यास आणखी 6 महिने.

भारताने यातली मोकळीक घेतली (कलम 107अ), मुदतवाढ घेतली नाही. जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करार ती बंधनकारक करत नाही, आणि भारताचे धोरण रुग्णाच्या बाजूचे, म्हणून योग्यच आहे. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयावरील बेडाक्विलिनचे मूळ पेटंट भारतात जुलै 2023 मध्ये संपले. त्याच्या क्षाररूपावर नवे पेटंट घेण्याचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाने त्या मार्चमध्येच फेटाळला होता. मुदतवाढीचा कायदा असता, तर जेनेरिक गोळीची वाट आणखी काही वर्षे अडवता आली असती.