पाटीवरचं "जैन"



गेल्या वर्षी दशलक्षण पर्वाच्या पंधरा दिवस आधी आमच्या धाकटीच्या पोटात दुखायला लागलं. वय चौदा. दोन दिवस ओवा-हिंग करून पाहिलं, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. दुखण्याचं कारण साधंच निघालं, बद्धकोष्ठता. पण सोनोग्राफीच्या कागदावर खाली आणखी एक ओळ होती: फॅटी लिव्हर, ग्रेड १. रक्तात एसजीपीटीही वाढलेलं.

सासूबाई ऐकून मटकन खालीच बसल्या. "आपल्या घरात सात पिढ्यांत दारूचा थेंब नाही, मग पोरीच्या लिव्हरला काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं खाते का? मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "छे, आमच्यात कांदासुद्धा चालत नाही. बाहेर गेलीच तर फक्त जैन." ते हसले नाहीत. म्हणाले, "काय खात नाही ते कळलं. आता काय खाते ते सांगा."

मग धाकटीनंच सांगायला सुरुवात केली. क्लासच्या खाली जैन सँडविच. शनिवारी जैन पिझ्झा. जैन पावभाजी, जैन शेजवान नूडल्स, रोज एक कोल्ड्रिंकची बाटली. मी ऐकत होते आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीला माझीच परवानगी होती.

घरी आल्यावर हा "जैन" शब्द पाटीवर आला कुठून आणि तिथे त्याचा अर्थ काय उरला, याचा मी शोध घ्यायला लागले. सुरुवात आमच्या आजेसासूबाईंच्या काळापासून करावी लागली, म्हणजे डालड्यापासून.

१९०२ मध्ये विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं पातळ तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याचं पेटंट घेतलं. १९११ मध्ये अमेरिकेत सरकीच्या तेलापासून केलेलं क्रिस्को बाजारात आलं. आपल्याकडे हॉलंडहून असं घट्ट तेल मागवणारी दादा नावाची कंपनी होती. लिव्हर कंपनीनं त्या नावाच्या पोटात स्वतःचा "एल" घातला आणि १९३७ मध्ये डालडा जन्मला. पिवळा डबा, त्यावर माडाचं झाड. तूप परवडत नाही पण लग्नात लाडू-जिलेबी तर झाली पाहिजे, अशा घरांना तो देवासारखा वाटला. आमच्या आजेसासूबाई मात्र त्याला शेवटपर्यंत "ते घट्ट तेल" म्हणत. शोधाच्या स्वयंपाकात त्यांनी ते कधी येऊ दिलं नाही. रिकाम्या डब्यात मात्र तूरडाळ आनंदानं भरली!

त्या काळी लोकांना भीती होती ती तुपातल्या भेसळीची. वनस्पतीला रंग द्यावा म्हणजे भेसळ ओळखू येईल, अशी मागणी झाली, पण योग्य रंग काही सापडला नाही. मग वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालण्याचा नियम झाला, कारण तिळाचं तेल रासायनिक चाचणीत पटकन पकडता येतं. १९८३ मध्ये वनस्पतीत परदेशी जनावरांच्या चरबीची भेसळ होत असल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा आपल्या समाजात किती अस्वस्थता पसरली होती ते आपल्यातल्या साठीच्या पुढच्या बायकांना आठवत असेल.

पण खरं दुखणं भेसळीत नव्हतं. ते शुद्ध डालड्यातच होतं. तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतात. १९९० मध्ये हॉलंडमधल्या मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी दाखवलं की हे ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगलं कमी करतात, म्हणजे दोन्हीकडून मार. डेन्मार्कनं २००३ मध्ये कायद्यानं त्यावर मर्यादा घातली. आपल्याकडे ती टप्प्याटप्प्यानं आली: १० टक्के, ५ टक्के, २०२१ मध्ये ३ आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के. म्हणजे डालडा आल्यावर ८५ वर्षांनी. तोपर्यंत बेकरीची खारी, बिस्किटं, केकवरची पांढरी क्रीम, हे सगळं आपण "अंडं नाही ना?" एवढंच विचारून घरी आणलं.

दुसरा पाहुणा जपानहून आला. १९५८ मध्ये मोमोफुकु अँडो यांनी शेवया तेलात तळून वाळवण्याची युक्ती काढली. तळताना आतलं पाणी निघून जातं, बारीक छिद्रं राहतात आणि उकळतं पाणी पडताच शेवया मऊ होतात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मॅगी भारतात आली आणि "दोन मिनिटांत" हा शब्द आपल्या स्वयंपाकघरात शिरला. मैदा, तळणीचं तेल आणि मसाल्याच्या पुडीतलं मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा, आणि त्यात दिवसभराचं सगळं आलं.

मग १९९६ साल. मॅकडोनाल्ड्स, डॉमिनोज, पिझ्झा हट, तिघंही त्याच वर्षी भारतात आले. या कंपन्यांनी आपल्याला फार लवकर ओळखलं. मॅकडोनाल्ड्सनं इथे गोमांस-डुकराचं मांस ठेवलंच नाही, बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर काढला. पिझ्झा हटनं अहमदाबादेत पूर्ण शाकाहारी शाखा काढून जैन पदार्थही ठेवले. २००१ मध्ये अमेरिकेतल्या शाकाहारी ग्राहकांना कळलं की तिथल्या मॅकडोनाल्ड्सच्या फ्रेंच फ्राइजना गोमांसाचा अर्क लावलेला असतो. कोर्टात दावा झाला, कंपनीनं माफी मागितली आणि २००२ मध्ये १ कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं. भारतातल्या फ्राइजमध्ये तसं काही नाही, हे कंपनीला इथे पुन्हापुन्हा सांगावं लागलं. त्याच वर्षी पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचा नियम आपल्याकडे आला. तेव्हापासून आपण पाकीट हातात घेतलं की ठिपका बघतो आणि टोपलीत टाकतो. पाकीट उलटून मागचं कोष्टक मी स्वतः मुलीच्या सोनोग्राफीनंतर पहिल्यांदा वाचलं.

इथपर्यंत वाचून झाल्यावर मी कपाटातून रत्नकरंड श्रावकाचार काढला. पाठशाळेत आपण सगळ्या शिकलोय, पण मी विसरले होते. समंतभद्राचार्य ज्या श्लोकात मुळा आणि ओलं आलं सोडायला सांगतात, त्याच श्लोकात लोणीही आहे. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात तर लोण्याला मद्य, मांस आणि मधाच्या पंक्तीत बसवलंय. आणि आपली "जैन पावभाजी"? तव्यावर लोण्याची अख्खी वडी, वर आणखी एक तुकडा, बाजूला यीस्ट घालून फुगवलेला मैद्याचा पाव. घरच्या पिठाला हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच आणि पावसाळ्यात तीन दिवसांची मर्यादा पाळणाऱ्या आपण, त्या मैद्याचं वय कधी विचारलं नाही. कांदा-लसूण-बटाटा नाही, एवढ्यावर "जैन" ही पाटी लागली आणि आपल्याला ती पुरली.

पुढचाच श्लोक मला जास्त लागला. त्यात आचार्य म्हणतात की जे अनिष्ट आहे तेही सोडावं. अभक्ष्याचे जे पाच प्रकार आपण घोकले, त्यातला हा एक: ज्यात दोष नाही, शुद्ध आहे, पण आपल्या प्रकृतीला अपाय करतं ते. आमच्या पाठशाळेच्या बाई मधुमेह्याच्या साखरेचं उदाहरण द्यायच्या. म्हणजे डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न आपल्या यादीत आधीपासून होता. हॉटेलवाल्यानं पाच प्रकारांतला एक उचलला, त्याचा काय दोष? यादी आपली होती.

आता उपाय. सासूबाईंनी लगेच सुचवलं, यंदा पोरीला दहा उपवास करू देत, सगळी चरबी जाईल. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं. वाढत्या वयाच्या मुलीला लांब उपवास औषध म्हणून द्यायचे नाहीत. उंची वाढतेय, तेव्हा वजन आहे तिथे थांबलं तरी पुष्कळ. लिव्हर साफ करणारी बाजारातली चूर्णं-सिरपंही नकोत. पहिल्यांदा बंद करायची ती कोल्ड्रिंकची बाटली. साखरेतला फ्रुक्टोज बहुतांशी लिव्हरमध्येच जातो, आणि जास्त झाला की तिथेच त्याची चरबी होते. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग त्यांनी सांगितला. फॅटी लिव्हर असलेली ११ ते १६ वर्षांची ४० मुलं. निम्म्यांच्या घरात आठ आठवडे वरची साखर जवळपास बंद केली. त्यांच्या लिव्हरमधली चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. मला त्यातली एक गोष्ट फार पटली, जेवण फक्त त्या मुलाचं बदललं नव्हतं, अख्ख्या घराचं बदललं होतं.

म्हणून आमच्या घरातूनही सगळ्यांचीच बिस्किटं गेली. यांची खारीसुद्धा. त्यावरून आठ दिवस घरात जे वातावरण होतं ते लिहीत नाही.

आणखी एक प्रयोग मला आपल्या अवमौदर्य तपाची आठवण करून देणारा वाटला. केव्हिन हॉल यांनी २० माणसांना दोन आठवडे पाकिटबंद, कारखान्यातलं खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं, हवं तितकं खा म्हणून. पाकिटातलं खाताना माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली, आणि भराभर खाऊन गेली. पोट भरल्याचं कळायच्या आत ताट रिकामं. आपल्या शास्त्रात पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घास आणि स्त्रीचा २८ सांगितलाय आणि त्यातला एक घास कमी केला तरी ते तप. पण मोजायला घास तर दिसला पाहिजे! वेफरच्या पुडीत कोण घास मोजतो?

सूर्यास्ताचं म्हणाल तर क्लास साडेसातला सुटतो. रोज जमत नाही, खोटं कशाला बोलू. पण तेच जेवण संध्याकाळी उशिरा घेतलं की रक्तातली साखर सकाळपेक्षा जास्त चढते, हे समजल्यापासून मी साडेचारला क्लासला जाण्याआधीच तिला भाकरी आणि दोडक्याची किंवा गवारीची भाजी वाढते. डब्यात फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, कधी मुगाचं धिरडं. आठवड्यातले चार दिवस तरी रात्रीचं जेवण सुटलंय. रोज पाऊण तास सायकल.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. एसजीपीटी मर्यादेत आलंय. सोनोग्राफीत ग्रेड १ अजून आहे. डॉक्टर म्हणाले, वेळ लागतो, असंच चालू ठेवा आणि परत या. सासूबाईंनी तो कागद देवघरात ठेवलाय.

परवा मैत्रिणीच्या वाढदिवसाला निघताना धाकटी म्हणाली, "आई, तिथं पिझ्झा असणार. एक तुकडा खाऊ की दोन?" मी म्हटलं, तूच मोज. रात्री आल्यावर विचारलं, किती? म्हणाली, "दीड. अर्धा ताटात टाकायचं जिवावर आलं, म्हणून मैत्रिणीला दिला."