साडेत्रेसष्ट अंशांचं वारं

आमच्या घरी पावसाळ्याची वर्दी वेधशाळा देत नाही, मीठ देतं. बरणी उलटी करून थोपटली तरी मीठ पडेना, की समजावं, आला पावसाळा! मग पापड वातड होतात, काडेपेटी संपावर जाते, माझ्या चामडी पट्ट्याला हिरवी लव फुटते आणि अण्णांचं न् माझं खिडकीवरून वाजतं.

अण्णा म्हणजे आमचे तीर्थरूप. त्यांची हयात मुंबईत बीआयटी चाळीत गेली. "खिडकी उघड. आमची चाळ वाऱ्यासाठी बांधलेली होती," हे त्यांचं पालुपद. मी म्हणतो, "अण्णा, बाहेर धो धो पाऊस आहे. ओल आत येईल." शेवटी यंदा त्यांना एकदाचं खोटं पाडावं म्हणून मी चाळीचा इतिहास वाचायला घेतला. कॉमर्सच्या माणसानं इतिहासाच्या वाटेला जाऊ नये, हेच खरं.

सप्टेंबर 1896. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून पळाले. प्लेगचा जंतू 1894 मध्येच हाँगकाँगला सापडला होता; पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे कुणाला ठाऊक नव्हतं. साहेबांचा संशय ओलीवर, अंधारावर आणि कोंदट हवेवर. झालं! गटारं धुतली, घराघरांत कार्बोलिक शिंपडलं. ऊन आत यावं म्हणून छपरांची कौलंसुद्धा उतरवली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या खोल्यांवर 'यूएचएच' अशी तीन अक्षरं रंगवली. ओल मोजून शिक्के मारणारं खातं आज असतं, तर आमच्या न्हाणीघराला पहिला मान मिळाला असता.

1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. समुद्राचं वारं दाट वस्तीत शिरावं म्हणून त्यानं प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. ते काढताना गरिबांची घरं पाडली, आणि पाडलेल्यांच्या मानानं बांधली कमी. हा व्यवहार आमच्या बँकेत पास झाला नसता. पण ट्रस्टनं एक नियम आणला, साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर ती याहून चढी असता कामा नये. साध्या हिशेबात, समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये सोडा. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी 1912 मध्ये याच उजेड-वाऱ्यावर व्याख्यान दिलं होतं.

गंमत अशी, की तोवर पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत दाखवून दिलं होतं, की प्लेग पसरवते ती उंदराच्या अंगावरची पिसू. बरीच वर्षं ते कुणी मनावर घेतलं नाही. म्हणजे वाऱ्यावरचा सगळा खर्च चुकीच्या खात्यात पडला होता! पण क्षयाला आणि दम्याला कोंदट खोली भोवतेच, तेव्हा जमेची बाजू खरी निघाली.

आता माझं शास्त्र. हवेला कॅश क्रेडिटची मर्यादा असते. हवा गरम, तर वाफ बाळगायची मर्यादा मोठी. तीच हवा थंड फरशीला टेकली, की मर्यादा घटते आणि जादाची उचल हवा तिथल्या तिथे पाण्याच्या रूपानं परत करते. म्हणून फरशीला घाम फुटतो. भर पावसात बाहेरच्या हवेचंही खातं भरलेलं असतं, तेव्हा खिडकी उघडून घर वाळत नाही. इथवर मी बरोबर.

पण आतली आवक मी धरलीच नव्हती. भाताची वाफ, आंघोळीची वाफ, जळणाऱ्या गॅसची स्वतःची वाफ, आणि दिवाणखान्यात दोरीवर टांगलेले आठ जणांचे कपडे! हे सगळं बाहेर जायला वाट नको? मी काचा घट्ट लावून बसलो होतो.

हे मला पुस्तकानं नाही, अण्णांच्या खोकल्यानं शिकवलं. जुलैत ते रात्र रात्र बसून काढायला लागले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात बुरशी आहे का?" मी ठामपणे नाही म्हणालो. घरी येऊन अण्णांच्या उशाकडचं कपाट सरकवलं. मागची भिंत काळीकुट्ट! पंधरा पावसाळे बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवून मी ती बुरशी पोसली होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांची रवानगी बहिणीकडे केली, भिंत धुऊन वाळवली, बाहेरून गिलाव्याची चीर बुजवली. कपाट भिंतीपासून वीतभर दूर आलं. स्वयंपाकघरात वाफ ओढणारा पंखा लागला, कपडे गॅलरीत गेले. पावसाची सर थांबली, की समोरासमोरच्या दोन खिडक्या अर्धा तास उघड्या.

अण्णा परत आले, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सरकारला खिडकी उघडायला प्लेग लागला. तुझं माझ्या खोकल्यावर भागलं. स्वस्तात सुटलास!"