इटलीत शिकायला जाताय? आधी पासपोर्टवरचं नाव नीट पाहा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून शिक्षणासाठी मिलान किंवा तोरिनोला निघताना मेतकूट आणि भाजणी आठवणीने भरली जाते. पण तिथे पहिल्या आठवड्यात खरी कसोटी लागते ती कागदपत्रांची. त्यात आपल्या नावातलं वडिलांचं नाव अनेकदा घोळ घालतं. तो टाळायचा कसा?

आठ दिवसांत काय करायचं?
९० दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल, तर पोहोचल्यापासून कामकाजाच्या ८ दिवसांत 'पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो' म्हणजे निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. अर्जाचा संच टपाल कार्यालयात मिळतो. त्याला १६ युरोंचं मुद्रांक तिकीट लागतं. ते 'टी' अक्षराची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळतं. अर्ज दिल्यावर मिळणारी पावती जपा. कार्ड हातात येईपर्यंत तीच तुमचा पुरावा.

नावाचा घोळ कुठे होतो?
बँक खातं, घरभाडे करार, आरोग्यसेवा या सगळ्यासाठी 'कोदिचे फिस्काले' हा १६ अक्षर-अंकी कर क्रमांक लागतो. आपल्या पॅनसारखाच, पण हा नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळावरून तयार होतो. भारतात जन्मलेल्यांच्या क्रमांकात 'झेड२२२' येतं.

यात नावातली तीन व्यंजनं घेतली जातात. चार किंवा जास्त व्यंजनं असतील, तर पहिलं, तिसरं आणि चौथं. म्हणजे फक्त 'राहुल' लिहिलं तर इंग्रजी स्पेलिंगनुसार आर-एच-एल. पासपोर्टवर 'राहुल सुरेश' असेल तर आर-एल-एस. माणूस एक, क्रमांक दोन! म्हणून विद्यापीठ, बँक, घरमालक, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव द्या. ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर क्रमांक स्वतः बनवू नका. 'आजेन्झिया देल्ले एन्त्राते' हे कर कार्यालय तो मोफत देतं.

बोलायचं कसं?
इथे मराठी कामाला येते. इटालियनमध्येही मित्राला 'तू'च म्हणतात, उच्चारासकट! अनोळखी किंवा मोठ्या माणसाला मात्र 'लेई', म्हणजे आपलं 'तुम्ही'. दुकानात शिरताना 'बुऑनजोर्नो' म्हणायचं, मग काय हवं ते सांगायचं. सरकारी खिडकीवरही हाच शिरस्ता.

रोजच्या सवयी कोणत्या?
- 'लात्ते' मागितलं तर कॉफी नाही, नुसतं दूध मिळेल. 'काफ्फे' म्हणजे एस्प्रेसो. काउंटरपाशी उभं राहून प्यायली तर बहुतेक ठिकाणी स्वस्त पडते.
- लहान गावांत दुपारी दुकानं बंद असतात. पुणेकरांना नवल वाटणार नाही.
- १५ ऑगस्टला तिथेही सुट्टी असते, 'फेर्रागोस्तो'ची. त्या सुमारास अनेक दुकानं बंद असतात.
- प्रादेशिक रेल्वेचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या. नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड होतो.