तीन औषधांची एक गोळी

औषधाचा इतिहास सांगताना संशोधकाचे नाव आणि शोधाचे साल सांगून थांबण्याची प्रथा आहे. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचे तेवढ्याने समाधान होत नाही. ते औषध कोणाच्या हाती पडले, कोणत्या भावाने पडले, आणि ते पडेपर्यंत किती माणसे गेली, हेही आम्ही विचारतो. एड्सवरील औषधांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१९८७ साली अमेरिकेत झिडोव्हुडिन हे पहिले औषध मान्य झाले. एच.आय.व्ही. हा विषाणू शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींत शिरतो, आपला मजकूर पेशीच्या लिपीत उतरवतो आणि त्या पेशीलाच आपला कारखाना बनवतो. या नक्कलेच्या कामात हे औषध अडथळा आणते. परंतु नक्कल करताना विषाणूच्या हातून वारंवार चुका होतात, आणि त्यांतूनच औषधाला दाद न देणारा एखादा वाण निपजतो. म्हणून एकट्या औषधाचा गुण काही काळाने ओसरे. एकट्यादुकट्या कामगाराला मालक सहज गुंडाळतो. सारे खाते एकदम उठले म्हणजे त्याचे काही चालत नाही. तसेच येथे. तीन औषधे एकदम दिली, तर तिन्हींना चुकवणारा वाण निपजणे फार कठीण. १९९६ साली व्हँकुव्हरच्या परिषदेत या तिहेरी उपचाराचे फळ जगापुढे आले, आणि श्रीमंत देशांतील मृत्यू झपाट्याने घटले.

पण वर्षाचा खर्च होता दहा ते पंधरा हजार डॉलर. बहुतेक रोगी आफ्रिकेत, आणि औषध युरोप-अमेरिकेत!

हा बांध फोडण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी नाकारली होती. पेटंट मिळे ते केवळ कृतीवर. परदेशांत या तीन औषधांचे हक्क निरनिराळ्या कंपन्यांकडे होते. येथे ती एका गोळीत आणण्यास आडकाठी नव्हती. सिप्ला कंपनीने स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन यांची गोळी बनवली. फेब्रुवारी २००१ मध्ये युसुफ हमीद यांनी हा तिहेरी उपचार ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरने देऊ केला. दिवसाला एक डॉलरही नव्हे! त्याच वर्षी एप्रिलमध्ये, स्वस्त औषधांचा मार्ग मोकळा करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याविरुद्धचा दावा ३९ कंपन्यांना मागे घ्यावा लागला. त्यांच्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्यांत रोग्यांबरोबर तिथल्या कामगार संघटनाही होत्या.

आणि आमच्या घरी? औषध येथे बनत असूनही सरकारी इस्पितळांतून ते मोफत देण्यास सुरुवात झाली ती १ एप्रिल २००४ रोजी. कारखाना गावात असला म्हणजे माल गरिबाच्या घरी पोहोचतोच, असे नाही.

स्टॅव्हुडिन नसांना अपाय करते, म्हणून ते पुढे मागे पडले. आता टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची एकच गोळी रोज घ्यावयाची असते. २०१७ साली गरीब देशांसाठी तिचा भाव वर्षाला सुमारे ७५ डॉलर ठरला. ती विषाणूचा समूळ नाश करीत नाही. खाडे केले तर विषाणू पुन्हा माजतो. नियमाने घेतल्यास मात्र तो इतका दबतो, की तपासणीत सापडत नाही. आणि ही स्थिती टिकली, तर लैंगिक संबंधांतून तो दुसऱ्याला लागत नाही. असा माणूस कामाला उभा राहू शकतो. त्याला केवळ या रोगापायी कामावरून काढणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध केले आहे. तो कायदा प्रत्येक खात्यात पाळला जातो की नाही, हे पाहण्याचे काम आपले आहे.