दस्तातले एक वाक्य

बुलढाणा जिल्ह्यात जमिनीचा सौदा निघाला की दलाली किती, हे सारे विचारतात. दस्त वाचून कोणी दाखवला, हे क्वचितच. मला तोच प्रश्न मोठा वाटतो.

1861 साली अमेरिकेत यादवी पेटली नि खामगाव-मलकापूरच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 साली ती संपली, भाव उतरले, कर्जे तेवढी उरली. मग गहाणाऐवजी खरेदीखतच लिहून घ्यायचे. फेड झाली की शेत परत, हे तोंडी. शेतकरी अंगठा उठवी. हे ‘परत’ कागदावर नाही, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक! गप्प बसण्याचाही मोबदला असतोच.

1929 च्या दुरुस्तीने मालमत्ता हस्तांतरण कायद्यात ठरले, की परतीची अट त्याच खरेदीखतात नसेल, तर व्यवहार गहाण मानायचा नाही. वाद कमी झाले असतील, पण तोंडी शब्दावर विसंबलेला उघडा पडला.

महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याने मात्र जिल्हा निबंधकाला सावकारीपोटी झालेली खरेदी रद्द ठरवून शेत परत देण्याचा अधिकार दिला. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने सदनिका-भूखंडांच्या प्रकल्पांतील दलालांना नोंदणी सक्तीची केली. नुसत्या शेताचा सौदा जुळवणारा दलाल तिच्याबाहेरच राहिला.