जिथं काहीच होणार नाही असं वाटलं होतं, तिथंच जगातले भारी गोल्फ कोर्स कसे तयार झाले?

पुण्यात कसबा पेठेतल्या माणसाला 'गोल्फ' म्हटलं की आधी येरवड्याचा गोल्फ क्लब चौक आठवतो, आणि तोही तिथल्या ट्रॅफिकसाठी. त्यात त्याची काही चूक नाही. 18 होलच्या एका गोल्फ कोर्सला साधारण 100 ते 150 एकर जागा लागते. तांबट आळीत समोरून टेम्पो आला तर स्कूटर कुठं घ्यायची हा प्रश्न पडतो, तिथं एवढ्या मोठ्या हिरवळीचं कौतुक कुणाला असणार?

पण एक गोष्ट कसब्याला चांगली ठाऊक आहे. ओसाड ठरवलेल्या जमिनीचं नशीब पालटू शकतं. 1630 च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळलं आणि गाढवाचा नांगर फिरवला. पुढे जिजाऊंनी बालशिवाजींच्या हातून त्याच जमिनीवर सोन्याचा नांगर फिरवला, असं परंपरा सांगते. लाल महालात त्याचं शिल्पही आहे.

तुलना जरा लांबची आहे, मान्य. पण गोल्फच्या जगात सगळ्यांच्या अपेक्षेपेक्षा सरस ठरलेले कोर्स पाहिले, तर त्यातल्या बऱ्याच जमिनी अशाच निघतात. कुणालाही नको असलेल्या.

सुरुवात अर्थात स्कॉटलंडपासून.

सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सला गोल्फची पंढरी म्हणतात. हा कोर्स कुणा एका माणसाने आखलेला नाही. समुद्र आणि शेतं यांच्या मधली ही रेताड पट्टी. पीक येत नाही, म्हणून गावाने ती मेंढरं चारायला आणि खेळायला मोकळी सोडलेली. रेतीमुळे पाणी साचत नाही, वाऱ्यामुळे गवत आखूड राहतं. मेंढरांनी वाऱ्यापासून आडोसा म्हणून खड्डे केले आणि त्यातूनच आज ज्यांना बंकर म्हणतात ते वाळूचे खड्डे तयार झाले, असं सांगतात. आधी इथं एका फेरीत 22 होल खेळले जायचे. 1764 मध्ये काही होल एकत्र करून ते 18 केले, आणि पुढे तोच आकडा सगळ्या जगाने उचलला.

या जमिनीची किंमत गावालाही नव्हती. 1797 मध्ये नगरपालिका कर्जात बुडाली तेव्हा तिने ही जागा विकून टाकली आणि तिथं ससे पाळायला सुरुवात झाली. सशांनी मैदान पोखरलं. गोल्फवाले आणि ससेवाले यांचं भांडण कोर्टापर्यंत गेलं. शेवटी 1821 मध्ये जेम्स चीप नावाच्या जमीनदाराने, जो स्वतः गोल्फ खेळायचा, जागा विकत घेतली आणि मैदान वाचलं.

बरं, पहिल्या भेटीत हा कोर्स आवडतोच असंही नाही. अमेरिकेचा बॉबी जोन्स 1921 मध्ये इथं ब्रिटिश ओपन खेळायला आला. तिसऱ्या फेरीत अकराव्या होलच्या बंकरमध्ये त्याचा बॉल असा अडकला की वैतागून त्याने ती फेरी अर्धवट सोडली. त्याच जोन्सने 1927 मध्ये याच मैदानावर ओपन जिंकली, 1930 मध्ये इथंच ब्रिटिश अमॅच्युअर जिंकली आणि 1958 मध्ये गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. त्याआधी हा मान मिळालेला अमेरिकन म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन.

आता अमेरिकेत येऊ.

कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचची जमीन सुंदर होती, पण शंका होती ती आखणाऱ्यांबद्दल. जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट हे दोघं चांगले हौशी खेळाडू, पण कोर्स आखायचा त्यांना अनुभव नव्हता. समुद्राकाठच्या कड्यावर प्लॉट पाडून विकले असते तर मालकाला भरपूर पैसा मिळाला असता. ती कडा घरांना न देता गोल्फला दिली गेली आणि 1919 मध्ये कोर्स सुरू झाला. 1972 मध्ये यूएस ओपन पहिल्यांदाच अशा ठिकाणी झाली, जिथं पैसे भरून कुणीही खेळू शकतं. ते ठिकाण पेबल बीच. (फी ऐकून चक्कर येते, तो भाग वेगळा.)

बँडन ड्यून्सची गोष्ट त्याहून मजेशीर. ओरेगॉनच्या किनाऱ्यावरचं बँडन हे छोटं गाव. तिथं आयर्लंडहून आणलेल्या गॉर्स नावाच्या काटेरी झुडपाने धुमाकूळ घातला होता. हे झुडूप तेलकट असल्याने भडाभडा पेटतं, आणि 1936 च्या वणव्यात जवळजवळ सगळं गाव जळून गेलं. पुढे माइक कायझर नावाच्या माणसाने, ज्याने रिसायकल केलेल्या कागदाची ग्रीटिंग कार्डं विकून पैसा कमावला होता, गावाजवळची गॉर्सने भरलेली जमीन घेतली. मोठं शहर जवळ नाही, वारा-पाऊस सतत, त्यात गोल्फची बग्गी वापरायची नाही, सगळ्यांनी पायीच खेळायचं. काम दिलं डेव्हिड मॅक्ले किड या विशीतल्या, फारसं नाव नसलेल्या स्कॉटिश आर्किटेक्टला. धंदा कळणाऱ्या कुणीही याला वेडेपणाच म्हटलं असतं. 1999 मध्ये कोर्स सुरू झाला आणि लोक विमानं बदलत तिथं पोहोचायला लागले. आज तिथं एक नाही, अनेक कोर्स आहेत.

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर रिचर्ड सॅटलर हा बटाट्याचा शेतकरी. त्याच्या जमिनीच्या कडेला वाळूच्या टेकड्या होत्या, शेतीला बिनकामाच्या. ग्रेग रॅमसे नावाचा तरुण त्याच्या मागे लागला की इथं गोल्फ कोर्स करा. सॅटलरला गोल्फमध्ये रस नव्हता. तरी 2004 मध्ये बार्नबूगल ड्यून्स उभा राहिला आणि ऑस्ट्रेलियातल्या सर्वोत्तम कोर्समध्ये जाऊन बसला. 2010 मध्ये शेजारी दुसरा कोर्स झाला, लॉस्ट फार्म. त्याला 18 नाही, 20 होल आहेत. जमिनीत चांगले 20 सापडले, मग सोडायचे कशाला?

अमेरिकेत नेब्रास्कामधला सँड हिल्स हा कोर्स करताना बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनीही आधी जमीनच वाचली. त्यांना टेकड्यांमध्ये शंभराहून जास्त होल आधीच 'दिसत' होते, त्यातले 18 निवडले. माती जवळपास हलवलीच नाही. बुलडोझर जितका कमी फिरतो तितका कोर्स सरस होतो, असा नियम काढायचा मोह होतो. पण तो खरा नाही. विस्कॉन्सिनमधला व्हिसलिंग स्ट्रेट्स पीट डाय यांनी लष्कराच्या जुन्या सपाट जागेवर ट्रकच्या ट्रक माती-वाळू ओतून बनवला आणि तोही गाजला.

अपेक्षा उलट्या फिरल्याचंही उदाहरण आहे. वॉशिंग्टन राज्यातला चेंबर्स बे हा वाळूच्या जुन्या खाणीवर झालेला कोर्स. कल्पना एकदम भारी, पण 2015 च्या यूएस ओपनमध्ये खेळाडूंनी तिथल्या खडबडीत ग्रीनवरून जोरदार तक्रारी केल्या. पुढे ग्रीनवरचं गवतच बदलावं लागलं.

आणि रिओ? 2016 च्या ऑलिंपिकमध्ये गोल्फ 112 वर्षांनी परत येणार होता. कोर्सचं काम कोर्टकचेरीत रखडलं, राखीव निसर्गक्षेत्राची जागा घेतली म्हणून आंदोलनं झाली, झिका व्हायरसचं कारण देत मोठे खेळाडू गळाले. प्रत्यक्षात गिल हान्स यांनी आखलेल्या कोर्सचं खेळाडूंनी कौतुक केलं. भारताकडून तिथं पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी आणि 18 वर्षांची अदिती अशोकही खेळली. पण कोर्स चांगला झाला म्हणून जागेचा वाद चुकीचा ठरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हाच मुद्दा महाराष्ट्रात येऊन ठेपतो.

नवी मुंबईत सिडकोने खारघरच्या डोंगरांच्या कुशीत गोल्फ कोर्स केला. 2012 मध्ये तो सुरू झाला तेव्हा होल होते 11. म्हणजे 18 पूर्ण करायचे तर सातांवर पुन्हा खेळा! सरकारी संस्था, अर्धवट आकडा, गोल्फची सवय नसलेलं शहर, असं सगळं असूनही खारघर व्हॅलीने आपली जागा केली. पावसाळ्यात मागे हिरवेगार डोंगर असलेला हा कोर्स खासगी क्लबच्या मेंबरशिपशिवाय पैसे भरून खेळता येतो, हे महत्त्वाचं. पुढे सिडकोने तो 18 होलपर्यंत वाढवायचं काम हाती घेतलं.

त्याच नवी मुंबईत नेरूळला मात्र पाणथळ जागेवर गोल्फ कोर्स करायचा घाट घातला गेला. कागदावर ती जागा रिकामी होती. पण तिथं फ्लेमिंगो येतात, भरतीचं पाणी तिथं मुरतं. रहिवासी कोर्टात गेले आणि 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सिडको त्याविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेली. टास्मानियातली वाळू सॅटलरला खरंच नको होती. नेरूळची पाणथळ बऱ्याच जणांना हवी होती, फक्त त्यातल्या बहुतेकांना पंख होते.

जागा नेमकी कुणाची, याचं उत्तर सेंट अँड्र्यूजने फार आधी दिलंय. ती जमीन सार्वजनिक आहे. एरवी जगभरातून लोक खेळायला रांग लावतात त्या ओल्ड कोर्सवर रविवारी गोल्फ बंद असतो. गावातली माणसं कुत्री घेऊन फिरतात, पोरं पळतात, कुणी डबा खात बसतं. मोठी स्पर्धा असेल तेवढा अपवाद.

आणि नाशिकने तर पूर्ण जागाच आपली करून टाकली. इंग्रजांच्या काळात साहेब लोक जिथं गोल्फ खेळायचे, ते गोल्फ क्लब मैदान आता हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. 1909 मध्ये नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घालणारे ते कान्हेरे. गोल्फ कधीच संपला. महाराष्ट्राचे रणजी सामने तिथं झालेत, रोज पहाटे जॉगिंग ट्रॅकवर गर्दी असते, आणि रिक्षावाल्याला मात्र आजही 'गोल्फ क्लब' सांगितलं की पुरतं.